सात नंबरचे बूट

वर्षश्राद्धाचा स्वयंपाक हिमानीने वेळेत उरकला, भटजी वेळेत आले आणि वेळेत गेले. कावळ्यानेही गच्चीवर फार आढेवेढे घेतले नाहीत. सासऱ्यांचा स्वभावच तसा होता. जिवंतपणीही ताट वाढलं की दोन मिनिटांत पाटावर येऊन बसायचे. एवढं सगळं सुरळीत पार पडलं म्हणजे आता भांडण होणार, हे तिला या घरात वीस वर्षं काढल्यावर कुणी सांगायची गरज नव्हती. खरवई गावच्या या लोकांची भांडणं उपाशीपोटी कधीच होत नसत.

भांडणाचा विषयही तिला ठाऊक होता. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, लाल कापडात गुंडाळून फक्त पुढची टोकं बाहेर ठेवलेले, चिनी मातीचे दोन लहानसे बूट. विजेच्या खांबावर त्या उलट्या वाट्या असतात ना, तसाच त्यांचा तपकिरी चकचकीत रंग. सासरे अंबरनाथच्या इन्सुलेटरच्या कारखान्यात साचे करायचे, तिथेच त्यांनी हे बूट केले होते. त्यांचा पहिला मुलगा हिरामण सव्वा वर्षाचा असताना गोवराने गेला, त्याचे हे बूट. तेव्हा हिमानीच्या नवऱ्याचा, जितेशचा, जन्मही झाला नव्हता. दर सोमवारी सासूबाई त्या टोकांना हळदकुंकू लावायच्या. देवापाशी पायताण ही गोष्ट हिमानीला पहिल्या दिवसापासून खटकत होती. पण चिनी मातीला चामड्याचा विटाळ नसतो, असा निवाडा खुद्द सासऱ्यांनी देऊन ठेवला होता, आणि तो बदलायची कुणाची छाती नव्हती.

आज मात्र सासूबाईंनीच जाहीर केलं होतं की बूट नदीत सोडायचे.

"बाप जाऊन वरीस झालं," बनूबाई म्हणाल्या. "आता पोर बापाकडं जाऊ दे. माज्यामागं त्याची पूजा कोन करनार हाय?"

"मी करीन ना," जितेश म्हणाला. "नाहीतर शोकेसमध्ये ठेवू. बाबांच्या हातची एक तरी वस्तू घरात राहील."

"शोकेसमदी ठेवाया त्यो बाहुला हाय काय?"

"आईचं बरोबर आहे," पत्रावळी गोळा करता करता उमा म्हणाली. "सोडून द्या. रिक्षावाल्याला मी चारचं सांगून ठेवलंय. लांब थोडीच जायचंय, उल्हास नदी इथंच आहे."

जितेशने बहिणीकडे नवलाने पाहिलं. आई एक म्हणाली की उमा दुसरं म्हणणार, हा घरातला जुना शिरस्ता. बुटांच्या बाबतीत मात्र या दोघी एक, आणि देव्हारा मोकळा होतोय म्हणून हिमानीही त्यांच्याच बाजूला. तीन बायका एकीकडे म्हटल्यावर जितेशने नाद सोडला आणि पाहुण्यांकडे वळला.

पाहुणे म्हणजे शशिकांत साहेब. पूर्वी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, आता चौऱ्याहत्तरीचे, शिवमंदिराच्या बाजूला राहणारे. आनंदाचे, म्हणजे सासऱ्यांचे, साहेब म्हणून घरात त्यांना अजून खुर्चीच देत, आणि तेही ती बिनदिक्कत घेत.

"साहेब, बाबांची पट्टी दाखवू का तुम्हाला?" जितेशने देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून पितळी टोकांची लाकडी पट्टी काढली. "हिच्यापायी मी शाळेत मार खाल्लाय. सातवीत भूमितीला ही घेऊन गेलो. प्रत्येक रेघ मोठी! गुरुजी म्हणाले, अख्ख्या वर्गाचा त्रिकोण एक आणि तुझाच वेगळा कसा? घरी येऊन रडलो, तर बाबा पोट धरून हसले."

"अरे, ती साचेवाल्यांची पट्टी," शशिकांतही हसले. "मुद्दाम चुकीची बनवलेली असते. तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्यापेक्षा मोठा. चिनी माती भट्टीत आकसते, शंभराची अठ्ठ्याऐंशी होते. म्हणून साचा आधीच मोठा करायचा. आनंदाच्या हाताला ते इतकं बसलेलं, की बाजारातून दोरी आणायला सांगितली तरी हातभर जास्त आणायचा."

सगळे हसले. बनूबाईसुद्धा हसल्या, कारण ते खरं होतं.

उमा हसली नाही. ती पत्रावळींची पिशवी घेऊन खाली कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत अनवाणी.

तिच्या चपला खाली वॉचमनच्या केबिनपाशी होत्या. सगळ्यांच्या चपला फ्लॅटच्या दाराशी, उमाच्या तेवढ्या खाली, हे इतक्या वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं, की वॉचमन तिच्या चपला पावसात आपण होऊन आत घ्यायचा. जुन्या घरीही ती चपला कुंपणाबाहेरच काढायची. आता जिचा संसारच उल्हासनगर कॅम्प चारमधल्या चपलांच्या कारखान्यावर चालतो, जी रोज पाचपन्नास जोडांना शिलाई मारते, त्या बाईने आईच्या दारात चपला न्यायला घाबरावं, यावर जितेश तिला येताजाता चिडवायचा. कारण मात्र त्यालाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हिरामणला गोवर आला तेव्हा उमा सव्वातीन वर्षांची होती. घरात गोवर म्हणजे देवी आलेली. अशा वेळी फोडणी द्यायची नाही, दारात कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, आणि पोराच्या खोलीत पायताण घालून कुणी जायचं नाही. उमा गेली. नवे बूट घालून टक्‌टक् करत थेट भावाच्या अंथरुणापाशी. दोन दिवसांनी हिरामण गेला. "देवी कोपली," आनंदाची आई, गयाबाई, म्हणाली, आणि पुढे लग्नात, बारशात, कुठेही चार बायका जमल्या की ती गोष्ट सांगत राहिली. उमाला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. ते बूटही आठवत नव्हते. तिला सगळं ऐकून पाठ होतं. चौथीपर्यंत ती शाळेत अनवाणी गेली, कारण तिला पायताण घ्यायचा विषय कुणी काढलाच नाही. आणि देव्हाऱ्यात बापाने स्वतःच्या हाताने केलेले बूट होते. भावासाठी केलेले.

म्हणून आज चार वाजताच्या रिक्षाची तिला घाई होती. बापाचं वर्षश्राद्ध, आणि त्याच दिवशी त्या बुटांपासून सुटका. तिला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचं जरा वाईट वाटत होतं.

ती हात धुऊन वर आली तेव्हा बूट देव्हाऱ्यातून उतरवून पाटावर ठेवले होते. लाल कापड सुटलं होतं. तिचा मुलगा सनी भटजींना द्यायच्या नव्या चपलांचा जोड कारखान्यातून घेऊन आला होता, आणि जेवून उठल्यापासून त्याचे हात काहीतरी शोधत होते. त्याने एक बूट उचलला.

"सांभाळून रे, फुटंल!" बनूबाई ओरडल्या.

"नाय फुटत, आजी. मामा, ये देख. कसली कॉपी मारलीय आजोबांनी! स्टिच पण दिसतेय. चामड्याला इथं वाकून सुरकुती पडते ना, ती पण आहे. आपला कारागीर लाकडी पायाच्या फर्म्यावर असा माल काढेल ना, तर त्याला मी सोन्यात तोलीन."

"हाताने कोरलेलं नाही ते," शशिकांत खुर्चीतून वाकून म्हणाले. "सुरकुती कुणी कोरत बसत नाही. खऱ्या बुटावर प्लास्टर ओतून साचा घेतलाय."

सनीच्या खिशात टेप कायम असायचीच. त्याने सवयीने तळावर धरली. "तेरा सेंटीमीटर. पाच नंबर. सव्वा-दीड वर्षाचं पोर."

"सव्वा वरसाचाच व्हता," बनूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

शशिकांतनी चहाचा कप बशीत ठेवला.

त्यांना एक शनिवार आठवत होता. सत्याहत्तर साल, ते स्वतः सव्वीस वर्षांचे, नोकरीत नवे. आनंदा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "साहेब, मालाबरोबर माझी एक वस्तू भट्टीत लावू का?" त्याचं मूल नुकतंच गेलंय हे माहीत होतं म्हणून त्यांनी काय ते विचारलं नाही. भट्टी उघडली त्या दिवशी आनंदा दोन्ही बूट हातात घेऊन तसाच उभा होता. "लहान आले, साहेब," म्हणाला. शशिकांतनी त्याची चेष्टा केली होती. एवढा साचेवाला, आणि आकसतं हे विसरलास? "विसरलो," आनंदा म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, आणि सव्वीस वर्षांच्या साहेबांना ते भट्टीच्या धगीने वाटले.

लहान आले. मग मोठे कुणाचे होते?

गप्प बसणं सोपं होतं. चारला रिक्षा येईल, बूट नदीत जातील, म्हातारीच्या मनाला शांती मिळेल. पण शशिकांतनी सगळी नोकरी मोजमापात काढली होती. चुकीचा आकडा समोर ठेवून त्यांना चहा गोड लागला नसता.

"सनी, तुझी टेप जमिनीवर पसर," ते म्हणाले. "जितेश, ती पट्टी दे इकडे. आता बघ. भट्टीतून निघाल्यावर बूट तेरा. साचेवाल्याच्या पट्टीवरचा तेराचा आकडा तुझ्या टेपवर कुठे येतोय?"

सनी ओणवा झाला. "पावणेपंधरा."

"तेच त्या खऱ्या बुटाचं माप. मातीचा बूट भट्टीत आकसला. पावणेपंधराचा नंबर काय?"

"सात." सनीने हिशेब न करताच सांगितलं, आणि मग हळूहळू मान वर केली. "सात नंबर म्हणजे तीन वर्षांचं पोर, साहेब. सव्वा वर्षाच्या पोराच्या पायात सात नंबर राहणारच नाय. चालेल कसा तो?"

"त्याला मोठेपणी व्हावेत म्हणून घेतले असतील," हिमानी घाईने म्हणाली. तिलाच कळलं नाही, आपण कुणाला वाचवतोय.

"सुरकुत्या पडल्यात, मामी. हे वापरलेले बूट आहेत. कोणीतरी घालून फिरलंय."

कुणी उमाकडे पाहिलं नाही. त्यामुळे सगळे तिच्याकडेच पाहत असल्यासारखं झालं.

"काहीतरीच," उमा म्हणाली. तिचा आवाज चढला. "पन्नास वर्षांपूर्वीच्या मापावरून काय ठरवताय? आईने सांगितलंय हिरामणचे, म्हणजे हिरामणचे. चारला पाच मिनिटं कमी आहेत. गुंडाळा ते."

"दे हिकडं," बनूबाई म्हणाल्या.

सनीने डावा बूट आजीच्या हातात दिला. बनूबाईंना आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी या बुटांची फक्त टोकं पाहिली होती, कुंकवाने लाल झालेली. बाकीचा बूट कापडाखाली. त्यांनी अंगठा बुटाच्या कडेवरून फिरवला. पट्टा होता. पट्ट्याला बक्कल असतं, तिथे अंगठा थांबला. बक्कल नव्हतं. दोन वेढे होते, आणि वेढ्यांच्या शेवटी एक पिळलेलं टोक.

तार.

शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत घेतलेले बूट. पोरीने हट्ट करून घ्यायला लावलेले, आणि घरी पोचायच्या आत डाव्याचं बक्कल तुटलं. पोरगी रस्त्यात लोळण घेऊन रडली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कारखान्यातून तांब्याची तार आणून दोन वेढे देऊन पिळली, आणि पोरीला म्हणाला, बघ, तुझ्या बुटात वीज आहे.

पोरगा गेल्यावर बनूबाईंनीच ते बूट नवऱ्याच्या अंगावर फेकले होते. टाकून या म्हणाल्या होत्या, विहिरीत टाका, कुठं पन टाका, माज्या डोल्याम्होरं नको. तो डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेला. महिन्याने हे आणले, लाल कापडात गुंडाळूनच. देवापाशी ठेवले आणि म्हणाला, हे इथं राहू देत, चामड्याचे नाहीत, देवाला चालतात. गयाबाईने विचारलं, हिरामणचे काय रं? त्याने उत्तर दिलं नव्हतं. बनूबाई तेव्हा पुन्हा पाच दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या, त्या दिवशी त्या बुटांना हळदकुंकू लावून त्यांनी पहिला घास घेतला.

आता त्या बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. तारेचं दुसरं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाच नंबर, सात नंबर, म्हाताऱ्या माणसांचे हिशेब, म्हणून सगळं मिटलं असतं. इतकी वर्षं आपण कुणाच्या बुटांची पूजा केली, हे मान्य करायचं म्हणजे पोरीला इतकी वर्षं काय दिलं तेही मान्य करायचं. बनूबाईंना भीती वाटली. नवरा गेला त्या दिवशीही इतकी वाटली नव्हती.

"उमे," त्या म्हणाल्या. "हे तुजे बूट हायेत."

"आई, उगाच..."

"जत्रंतले. बक्कल तुटलंतं. त्यांनी तार बांधली, म्हनले, तुज्या बुटात वीज हाय. ही बघ तार, हात लाव."

उमाने हात लावला नाही. "मग बाबांनी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "मला? एकदा तरी?"

"मी जेवले म्हनून," बनूबाई म्हणाल्या. "हिरामनचे समजून मी त्या दिशी जेवले. मंग त्यांना बोलताच येईना. आनि मी कदी इचारलं नाय. इचारलं असतं तर कललं असतं. मला नको व्हतं कलाया."

बहिणीच्या चपलांवरून केलेले सगळे विनोद जितेशला एकदम आठवले. त्याला स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे आजोबांनी मम्मीचे बूट देवात ठेवले," सनी हळूच म्हणाला. त्याचं नेहमीचं बोलणं कुठे पळालं होतं. "जे घालून ती आत गेली होती, तेच."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"मी त्याला जा म्हणून सांगून येते," उमा म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत बाहेर पडली. लिफ्टसाठी थांबली नाही.

रिक्षावाला कुरकुर करत गेला. उमा केबिनपाशी उभी राहिली. पायात चपला घातल्या, का ते तिलाही कळलं नाही. कदाचित फरशी तापली होती म्हणून. तिला वडिलांचा राग आला होता, भयंकर राग, आणि त्याच वेळी बुटात वीज आहे म्हणणारा तो तरुण माणूस एकदा तरी आठवावा म्हणून ती जीव तोडून प्रयत्न करत होती. आठवत नव्हता. जे ऐकायला मिळालं ते पाठ झालं होतं, आणि हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती केबिनच्या भिंतीला टेकून मोठ्याने रडली. वॉचमन उठून गेटकडे गेला आणि उगाच गेट उघडून लावत राहिला.

लिफ्टचं दार वाजलं. बनूबाई बाहेर आल्या, भिंत धरत, एकट्या. गुडघ्यांच्या दुखण्याने त्या महिनोन्‌महिने खाली उतरत नसत.

उमाने डोळे पुसले आणि चपला काढायला पाय उचलला.

"ऱ्हाऊ दे पायात," बनूबाई म्हणाल्या. "तशीच वर चल."

"नको आई. आज श्राद्ध आहे. वर देव आहेत."

"देवापाशी तुजे बूट अठ्ठेचालीस वर्सं हायेत," बनूबाई म्हणाल्या. "देव काय बोलला नाय. बोलत व्हतो ते आमीच."

त्यांनी उमाचा दंड धरला. आधाराला की न्यायला, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. लिफ्टमध्ये दोघी एकमेकींकडे न बघता आकडे बदलताना बघत राहिल्या.

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटच्या दाराशी चपलांचा ढीग होता. जितेशच्या, हिमानीच्या, शशिकांत साहेबांच्या. बनूबाईंनी पायाने साहेबांचे जोडे जरा बाजूला सारले आणि जागा केली.

"आता काढ," त्या म्हणाल्या. "हितं. सगल्यांच्यात."

उमाने चपला काढल्या आणि आईच्या मागोमाग आत गेली.